देण्याची सोय, काढून घेण्याची अडचण : ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील गटव्यवस्थेची चिकित्सा

सारांश

मोठ्या संस्थेच्या संगणक-जाळ्यात कोणाला काय उघडता यावे, हे ठरविण्याचे काम निर्देशिका करते. मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोज २००० सर्व्हरसोबत आणलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही या प्रकारातील अत्यंत प्रचलित व्यवस्था होय. प्रस्तुत लेखात तिच्यातील वापरकर्ता खाती आणि गट यांच्या रचनेची चिकित्सा सॉल्टझर व श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या संरक्षण-तत्त्वांच्या आधारे केली आहे. ही व्यवस्था अधिकार देण्याच्या दृष्टीने नेटकी आहे. परंतु अधिकार काढून घेण्याच्या दृष्टीने ती मुळातच अपुरी आहे. या अपुरेपणाचे कारण प्रशासकांच्या दुर्लक्षात जितके आहे त्याहून अधिक ते नोंदीच्या स्वरूपात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : निर्देशिका, वापरकर्ता खाते, गट, प्रवेशाधिकार, किमान अधिकाराचे तत्त्व.

१. प्रास्ताविक

कार्यालयात एखाद्याची बदली झाली की कार्यभार सोपविण्याची रीत आपल्याकडे रूढ आहे. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, डेडस्टॉक रजिस्टर, प्रलंबित प्रकरणांची यादी यांची मोजदाद होते आणि देणारा व घेणारा अशा दोघांच्या स्वाक्षऱ्या होतात. महाविद्यालयातून निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकासही ग्रंथालय, प्रयोगशाळा, लेखा विभाग यांच्याकडून ‘ना देय’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. या रीतीमागे एक साधी वस्तुस्थिती आहे. किल्ली एकाच्या हाती आली, म्हणजे ती दुसऱ्याच्या हातून सुटलेली असते. देणे आणि काढून घेणे ही तेथे एकाच कृतीची दोन नावे आहेत.

संगणकातील प्रवेशाधिकार या नियमास अपवाद आहे. नव्या कर्मचाऱ्यास एखादा फोल्डर उघडण्याचा अधिकार दिला म्हणून जुन्या कर्मचाऱ्याचा अधिकार जात नाही. येथे देणे ही एक कृती आणि काढून घेणे ही दुसरी, सर्वस्वी स्वतंत्र कृती होय. पहिल्या कृतीची मागणी करणारा कोणीतरी असतोच. कारण अधिकार नसेल तर काम अडते. दुसऱ्या कृतीची मागणी कोणीच करीत नाही. कारण अधिकार उरला तरी कोणाचेच काम अडत नाही. या असमतोलाची भरपाई करणे, हे निर्देशिकेसारख्या व्यवस्थेकडून अपेक्षित आहे. ती अपेक्षा ॲक्टिव्ह डिरेक्टरी कितपत पूर्ण करते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. निर्देशिकेचे श्रेय

चिकित्सेपूर्वी या व्यवस्थेचे श्रेय मान्य करणे न्याय्य ठरेल. नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअर ३ मध्ये प्रत्येक सर्व्हरवर वापरकर्त्यांची स्वतंत्र नोंद असे. पाच सर्व्हर असतील तर एका व्यक्तीची पाच खाती, आणि ती नोकरी सोडून गेली तर पाच ठिकाणी खाते बंद करणे आले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्स.५०० या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाने संस्थेचे सर्व घटक एका वृक्षाकार नोंदीत मांडण्याची कल्पना दिली. नॉव्हेलने १९९३ मध्ये नेटवेअर ४ सोबत आपली निर्देशिका-सेवा आणली. त्याच वर्षी एक्स.५०० कडे पोहोचण्याचा हलका मार्ग म्हणून एलडॅप या संकेताचे पहिले प्रमाणक प्रसिद्ध झाले. ॲक्टिव्ह डिरेक्टरीने एलडॅपची भाषा, केर्बेरॉसची ओळख-पडताळणी आणि विंडोज एनटीतील परवानगी-यादी या तिन्हींचा मेळ घातला.

या मेळाचा लाभ मोठा आहे. एका व्यक्तीचे एक खाते आणि एक पासवर्ड असे सूत्र त्यामुळे शक्य झाले. खाते निष्क्रिय करण्याची कृतीही एकाच ठिकाणी करता येऊ लागली. प्रत्येक खात्यास व गटास एक सुरक्षा-ओळखक्रमांक मिळतो आणि तो त्या डोमेनमध्ये पुन्हा कधीही दुसऱ्यास दिला जात नाही. नोकरी सोडलेल्या व्यक्तीच्याच नावाने नवे खाते काढले तरी जुन्या खात्याचे अधिकार त्यास आपोआप मिळत नाहीत. ही दूरदृष्टीची तरतूद होय.

३. चिकित्सेचे निकष

जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या निबंधात रचनेची आठ तत्त्वे मांडली. पन्नास वर्षे उलटूनही ती या विषयाच्या अध्यापनात पायाभूत मानली जातात. प्रस्तुत विवेचनास त्यांपैकी चार पुरेशी आहेत. पहिले किमान अधिकाराचे : प्रत्येकास कामापुरताच अधिकार असावा. दुसरे सुरक्षित पूर्वस्थितीचे : स्पष्टपणे दिला नसेल तर अधिकार नाही असे धरावे. तिसरे संपूर्ण पडताळणीचे : प्रत्येक वेळी, प्रत्येक वस्तूबाबत अधिकार तपासला जावा. चौथे अधिकार-विभाजनाचे : महत्त्वाची कृती एकाच्याच हाती असू नये.

या तत्त्वांचा विशेष असा की ती व्यवस्थेच्या हेतूचे नव्हे, तर रचनेचे परीक्षण करतात. एखादी व्यवस्था सुज्ञ प्रशासकाच्या हाती चांगली चालते, एवढे त्यांच्या दृष्टीने पुरेसे नाही. घाईत असलेल्या, सामान्य वकुबाच्या माणसाच्या हाती ती काय होते, हा खरा प्रश्न आहे.

४. ओळ आणि स्तंभ

बटलर लॅम्पसन यांनी १९७१ मध्ये संरक्षणाचा विचार एका कोष्टकाच्या रूपाने मांडला. ओळींत व्यक्ती, स्तंभांत वस्तू आणि प्रत्येक चौकटीत त्या व्यक्तीचा त्या वस्तूवरील अधिकार, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात एवढे प्रचंड कोष्टक कोणी साठवीत नाही. त्याचे एक तर स्तंभ वेगळे काढून ते वस्तूंजवळ ठेवावे लागतात, किंवा ओळी वेगळ्या काढून त्या व्यक्तींजवळ द्याव्या लागतात. विंडोजने पहिला मार्ग स्वीकारला. प्रत्येक फोल्डरजवळ त्याची परवानगी-यादी असते आणि त्या यादीत खात्यांचे व गटांचे ओळखक्रमांक नोंदलेले असतात.

या निवडीचा परिणाम दूरगामी आहे. ‘हा फोल्डर कोण उघडू शकतो?’ या प्रश्नाचे उत्तर फोल्डरची यादी वाचून मिळते. ‘ही व्यक्ती काय काय उघडू शकते?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र एकाही ठिकाणी लिहिलेले नसते. त्यासाठी सर्व सर्व्हरवरील सर्व याद्या धुंडाळाव्या लागतात. निर्देशिकेत व्यक्तीच्या खात्यावर ती कोणकोणत्या गटांत आहे हे दिसते खरे. पण तेथेही केवळ थेट सदस्यत्व दिसते. एका गटाच्या पोटात दुसरा गट असल्याने मिळालेले सदस्यत्व त्या नोंदीत येत नाही. शिवाय गटाचे नाव कळले तरी त्या गटास कोणत्या सर्व्हरवर काय परवानगी आहे, हे निर्देशिकेस ठाऊक नसते.

बदली, पदोन्नती, निवृत्ती, राजीनामा या सर्व प्रसंगी संस्था विचारते तो प्रश्न व्यक्तीचा, म्हणजे ओळीचा असतो. व्यवस्था उत्तर देते ते वस्तूचे, म्हणजे स्तंभाचे. अधिकार काढून घेण्यातील अडचणीचे मूळ येथे आहे. जे एकत्र दिसतच नाही, ते काढून घेण्याची आठवण कोणास कशी राहावी?

निवृत्ती व राजीनाम्याच्या प्रसंगी ही अडचण खाते निष्क्रिय करून टाळता येते. म्हणूनच बदली हा या व्यवस्थेच्या परीक्षेचा खरा प्रसंग होय. समजा, एका कारखान्याच्या लेखा विभागात एक कर्मचारी रुजू झाला. तीन वर्षांनी तो खरेदी विभागात गेला, पुढे एका विस्तार-प्रकल्पावर नेमला गेला आणि शेवटी अंतर्गत लेखापरीक्षणात आला. प्रत्येक टप्प्यावर नव्या विभागप्रमुखाने नव्या गटाची मागणी केली. लेखा विभागाने ‘काही जुने हिशेब त्यालाच विचारावे लागतात’ म्हणून जुना गट राहू दिला. सहा वर्षांनंतर हा कर्मचारी देयके नोंदवू शकतो, खरेदी मंजूर करू शकतो आणि त्या दोहोंचे परीक्षणही करू शकतो. यांपैकी कोणताही अधिकार चुकीने दिलेला नाही. चूक आहे ती बेरजेत. आणि बेरीज दाखविणारा रकाना कोठेच नाही.

५. गट : ओळख की अधिकार?

दुसरा दोष ‘गट’ या संज्ञेच्याच ठायी आहे. ‘लेखा विभाग’ हा गट म्हणजे तेथे काम करणाऱ्या माणसांची यादी, की लेखा विभागाचे फोल्डर उघडण्याचा परवाना? पहिल्या अर्थाने तो ओळख सांगतो, दुसऱ्या अर्थाने अधिकार सांगतो. निर्देशिकेच्या दृष्टीने दोन्ही एकच वस्तू आहेत. परिणामी अन्य विभागातील एखाद्यास एकच फाइल पाहायची असेल, तर त्यास ‘लेखा विभाग’ या गटात घालण्याचा मोह होतो. फाइल दिसते, पण त्याचबरोबर त्या गटास आजवर मिळालेली आणि पुढे मिळणारी प्रत्येक परवानगीही त्याच्या पदरात पडते.

मायक्रोसॉफ्टने सुचविलेली शिस्त या दोषावरच उपाय आहे. खाती जागतिक गटात घालावीत, तो गट स्थानिक व्याप्तीच्या दुसऱ्या गटात घालावा आणि परवानगी केवळ त्या दुसऱ्या गटास द्यावी, अशी ती शिस्त होय. पहिला गट ‘कोण’ हे सांगतो, दुसरा ‘काय करू शकतो’ हे सांगतो. खरेदी विभागाचा गट ‘देयके : फक्त वाचन’ या गटाचा सदस्य आहे, एवढे वाचले तरी अर्थ लागतो. ही रचना वैचारिकदृष्ट्या निर्दोष आहे. ओळख आणि अधिकार यांची सांगड एकाच जोडणीत दिसते आणि ती एकाच ठिकाणी तोडता येते.

परंतु ही शिस्त पाळली जावी यासाठी व्यवस्था स्वतः काहीही करीत नाही. फोल्डरच्या यादीत थेट व्यक्तीचे नाव घालता येते, जागतिक गट घालता येतो, आणि ‘सर्व’ या नावाचा गटही घालता येतो. कोणत्याही वेळी व्यवस्था हरकत घेत नाही. गटाचे वर्णन आणि त्याचा जबाबदार व्यवस्थापक यांच्यासाठी रकाने आहेत. पण ते रिकामे ठेवले तरी गट तयार होतो. पुढे एखाद्या गटाचे नाव केवळ कोणाच्या तरी आद्याक्षरांचे निघते, त्याचा निर्माता नोकरी सोडून गेलेला असतो आणि तो गट काढून टाकल्यास काय बंद पडेल हे कोणीही सांगू शकत नाही. मग तो तसाच राहतो. ज्या वस्तूचा उपयोग ठाऊक नाही ती टाकण्याचे धाडस कोण करणार?

६. गटाच्या पोटात गट

विंडोज एनटीच्या काळात गटांची साखळी लांबविण्यास मर्यादा होत्या. विंडोज २००० ने एकाच प्रकारचे गट एकमेकांत घालण्याची मुभा दिली. कागदावर संस्थेची रचना वृक्षासारखी दिसते : मुख्यालय, विभाग, उपविभाग. गटांची रचना मात्र वृक्ष राहत नाही. एक गट अनेक गटांत असू शकतो, आणि अधिकार त्या सर्व वाटांनी वाहतो. प्रशासकाच्या डोळ्यांसमोर याद्या असतात. अधिकाराचे वास्तव मात्र जाळ्याचे असते.

ही गोष्ट बचाव करणाऱ्यांआधी हल्ला करणाऱ्यांच्या बाजूने विचार करणाऱ्यांना उमगली. २०१६ मध्ये ब्लडहाउंड हे साधन प्रसिद्ध झाले. निर्देशिकेतील सदस्यत्वे, परवानग्या आणि कोणत्या संगणकावर कोण दाखल आहे या नोंदी गोळा करून, एका सामान्य खात्यापासून सर्वोच्च प्रशासकीय गटापर्यंत पोहोचण्याची सर्वांत जवळची वाट ते आलेखातून दाखविते. या साधनाने नवा अधिकार निर्माण केला नाही. आधीपासून दिलेल्या अधिकारांची केवळ बेरीज करून दाखविली. जी बेरीज संस्थेच्या हाती असावयास हवी होती, ती बाहेरच्या माणसाने करून दाखवावी, यातच या व्यवस्थेवरील टीका सामावलेली आहे. या साधनास लागणारी बरीचशी माहिती निर्देशिकेतील कोणतेही सामान्य खाते पूर्वस्थितीत वाचू शकते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. सुरक्षित पूर्वस्थितीच्या तत्त्वाशी हे विसंगत आहे.

संचयाची जाणीव व्यवस्था केव्हा करून देते, हेही पाहण्याजोगे आहे. वापरकर्ता संगणकावर दाखल होतो तेव्हा त्याच्या सर्व गटांचे ओळखक्रमांक एका प्रवेश-पत्रात एकत्र केले जातात. विंडोजमध्ये या गटांची मर्यादा सुमारे १,०१५ इतकी आहे. ती ओलांडली की दाखल होणेच अशक्य होते. म्हणजे हजार गट जमेपर्यंत व्यवस्था मौन पाळते आणि त्यानंतर तक्रार करते ती अधिकार जास्त झाला म्हणून नव्हे, तर जागा पुरत नाही म्हणून.

हे प्रवेश-पत्र दाखल होतानाच तयार होत असल्यामुळे आणखी एक परिणाम संभवतो. एखाद्यास गटातून काढले तरी चालू सत्रात त्याच्या हाती जुनेच पत्र असते. बदल पुढच्या वेळी दाखल होताना दिसतो. केर्बेरॉसचे सेवा-तिकीट एकदा मिळाले की त्याची मुदत, पूर्वनिश्चित मांडणीनुसार, दहा तासांपर्यंत चालते. संपूर्ण पडताळणीच्या तत्त्वास येथे वेगासाठी मुरड घातलेली आहे. हा व्यवहार समजण्यासारखा असला, तरी काढून घेतलेला अधिकार तत्क्षणी जात नाही, हे सत्य उरतेच.

७. काळ आणि कारण

कार्यालयीन आदेशात दोन गोष्टी असतातच : अमुक कारणास्तव आणि अमुक दिनांकापर्यंत. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील गटाच्या सदस्यत्वास मुळात या दोन्ही गोष्टी नव्हत्या. सदस्यत्व म्हणजे केवळ एक जोडणी. ती कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी आणि किती काळासाठी केली, याची नोंद त्या जोडणीबरोबर राहत नाही. खात्यास मुदत घालता येते. पण गटातील जागेस ती घालण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर सोळा वर्षांनी आली. तीही ऐच्छिक असून एकदा सुरू केल्यावर बंद करता येत नाही.

नोंदीच्या विश्वासार्हतेचाही प्रश्न एके काळी होता. विंडोज २००० मध्ये गटाची संपूर्ण सदस्य-यादी एकच मूल्य म्हणून एका डोमेन कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे जात असे. दोन शहरांतील दोन प्रशासकांनी जवळजवळ एकाच वेळी एका गटात बदल केले, तर नंतरचा बदल टिके आणि आधीचा निमूटपणे पुसला जाई. पुसला गेलेला बदल ‘घालण्याचा’ असेल तर संबंधित व्यक्ती तक्रार करी. तो ‘काढण्याचा’ असेल तर तक्रार कोण करणार? विंडोज सर्व्हर २००३ मध्ये प्रत्येक सदस्याची नोंद स्वतंत्रपणे पाठविण्याची पद्धत आली आणि हा दोष दूर झाला. तथापि प्रास्ताविकात सांगितलेल्या असमतोलाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

दुसरे उदाहरण आजही पाहता येते. सर्वोच्च प्रशासकीय गटांतील खात्यांवर कोणी परस्पर ताबा मिळवू नये, म्हणून दर ६० मिनिटांनी एक प्रक्रिया चालते. ती त्या खात्यांवरील परवानग्या एका ठरावीक साच्याप्रमाणे पूर्ववत करते आणि खात्यावर ‘प्रशासकीय’ अशी खूण करते. खाते त्या गटातून काढल्यावर मात्र ही खूण आपोआप पुसली जात नाही आणि परवानग्यांचा वारसाही पूर्ववत होत नाही. पद गेले, पण पदाची खूण राहिली. लावण्याची प्रक्रिया दर तासाला चालते, काढण्याची प्रक्रिया लिहिलेलीच नाही.

अशा उरलेल्या अधिकारांची किंमत काय असते, हे मे २०२१ मधील अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइनच्या घटनेने दाखविले. पूर्व किनाऱ्यास इंधन पुरविणारी ही सुमारे ५,५०० मैलांची वाहिनी खंडणीखोर हल्ल्यामुळे बंद ठेवावी लागली. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर इतकी खंडणी दिली. हल्लेखोर आत आले ते दूरस्थ प्रवेशाच्या एका जुन्या मार्गाने आणि प्रत्यक्ष वापरात नसलेल्या एका खात्याच्या आधारे. त्या मार्गावर पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. ते खाते उघडले गेले तेव्हा त्यामागे काही रास्त कारण असणारच. ते कारण संपले, पण खाते संपले नाही. कारण कारणाची आणि खात्याची गाठ कोठेही बांधलेली नव्हती.

८. परस्परविरोधी अधिकार

१९९५ मध्ये बेअरिंग्ज ही ब्रिटिश बँक बुडाली. सिंगापूरमधील तिचा व्यवहारकर्ता निक लीसन याच्या हाती सौदे करणे आणि त्या सौद्यांची पूर्तता नोंदविणे ही दोन्ही कामे होती, आणि तोट्याचा आकडा ८२ कोटी पौंडांवर गेला. संगणकीय निर्देशिकेचा त्या घटनेशी संबंध नाही. परंतु अधिकार-विभाजनाचे तत्त्व का हवे, हे तीतून स्पष्ट होते. सौदा करणारा आणि नोंद तपासणारा हे एकच असू नयेत, हा हिशेबाचा जुना नियम आहे.

हा नियम ॲक्टिव्ह डिरेक्टरीत कसा लिहावा? ‘देयक मंजुरी’ या गटातील व्यक्ती ‘देयक नोंदणी’ या गटात असू शकत नाही, असे विधान गटव्यवस्थेस करताच येत नाही. गट एकमेकांत घालता येतात, एकमेकांपासून दूर ठेवता येत नाहीत. याउलट फेरायोलो व कुन यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या आणि २००४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय प्रमाणक झालेल्या भूमिकाधिष्ठित नियंत्रणाच्या प्रतिमानात भूमिकांमधील अशा विरोधाला स्थान आहे. निर्देशिकेतील गटांना अनेकदा ‘भूमिका’ म्हटले जाते. हे नाव उसने आहे. भूमिकेत समावेशाइतकाच वर्ज्यतेचाही विचार असतो. गटात केवळ समावेश असतो.

९. आक्षेपांचा विचार

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, निर्देशिका हे केवळ साधन असून शिस्त पाळणे हे संस्थेचे काम आहे. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु साधने सवयी घडवितात. विंडोज २००० पर्यंत नवा सामायिक फोल्डर ‘सर्व’ या गटास पूर्ण अधिकार देऊन सुरू होत असे. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये तेथे केवळ वाचनाचा अधिकार ठेवण्यात आला. शिस्त ही सर्वस्वी वापरणाऱ्याची बाब असती, तर निर्मात्यास आपली पूर्वस्थिती बदलण्याचे कारण पडले नसते.

दुसरा आक्षेप असा की, हे दोष आता दूर झाले आहेत. मायक्रोसॉफ्टच्या मेघ-निर्देशिकेत, जिला २०२३ पासून एन्ट्रा आयडी म्हणतात, मुदतीचे सदस्यत्व, कारण लिहून घेण्याची सक्ती आणि ठरावीक काळाने अधिकारांचा आढावा या सोयी आहेत. ही प्रगती स्वागतार्ह आहे आणि प्रस्तुत टीकेस ती एक प्रकारे दुजोराच देते. तथापि यांतील महत्त्वाच्या सोयी वरच्या श्रेणीच्या परवान्यातच मिळतात. अधिकार देण्याची सोय मूळ किमतीत आणि काढून घेण्याची सोय वेगळ्या किमतीत, अशी ही विभागणी आहे. ज्या संस्थांना संगणक प्रशासकाचे एक पदही पूर्णवेळ भरता येत नाही, त्यांच्या वाट्यास मग केवळ पहिली सोय येते.

आढाव्याच्या पद्धतीबद्दलही सावध राहावे लागेल. अमेरिकेत २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर नोंदणीकृत कंपन्यांना अंतर्गत नियंत्रणाचा पुरावा देणे भाग पडले आणि अधिकारांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या पडताळणीस महत्त्व आले. परंतु विभागप्रमुखासमोर दोनशे अनाकलनीय गटनावांची यादी ठेवून ‘मान्य’ की ‘अमान्य’ असे विचारले, तर तो काय करील? अमान्य म्हटल्यास उद्या कोणाचे तरी काम अडेल, हे त्याला ठाऊक असते. मान्य म्हटल्यास काय बिघडेल, हे त्याला ठाऊक नसते. कारणाची नोंद नसताना केलेला आढावा हा स्वाक्षऱ्यांचा उपचार होतो.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ॲक्टिव्ह डिरेक्टरीची गटव्यवस्था ‘आहे’ हे सांगते. ‘का आहे’, ‘केव्हापर्यंत आहे’ आणि ‘कशाबरोबर असू नये’ हे सांगत नाही. पहिल्या विधानावर अधिकार देता येतो. काढून घेण्यासाठी उरलेली तीनही विधाने लागतात. म्हणून काढून घेण्याचे काम प्रशासकाच्या स्मरणशक्तीवर येऊन पडते, आणि प्रशासकही बदलत असतात.

यावर संस्थेने करावयाच्या गोष्टी खर्चिक नाहीत. प्रत्येक गटास जबाबदार व्यक्ती व हेतू यांचा रकाना भरल्याशिवाय गट तयार करू नये. ‘कोण’ सांगणारे गट आणि ‘काय’ सांगणारे गट नावावरूनच वेगळे ओळखू यावेत. बदलीच्या वेळी जुन्या सदस्यत्वात भर घालण्याऐवजी सर्व सदस्यत्वे काढून नव्या पदाची द्यावीत; जुन्या कामासाठी काही राखणे आवश्यक असेल, तर ते स्वतंत्रपणे, मुदतीसह मागवावे. असे केल्याने काढून घेणे हा नियम आणि राखणे हा अपवाद होतो, व मागणी करण्याचे ओझे योग्य खांद्यावर जाते.

शैक्षणिक संस्थांनाही हा विषय परका नाही. परीक्षा विभागाचे गुणपत्रक, प्रवेशप्रक्रियेतील कागदपत्रे, विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती आता संगणकातच असते. परीक्षेचे काम दरवर्षी निराळ्या सहकाऱ्याकडे जाते. मागील वर्षीच्या सहकाऱ्याचा प्रवेश त्याबरोबर जातो का, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या संस्थेत विचारून पाहावे. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाकडून ग्रंथालयाचे शेवटचे पुस्तक परत येईपर्यंत आपण ‘ना देय’ प्रमाणपत्र अडवून धरतो. त्या प्रमाणपत्रावर संगणक-खाते आणि गट-सदस्यत्व यांचा एक रकाना वाढविणे, आणि तो भरणाऱ्याची स्वाक्षरी घेणे, एवढी सुरुवात कोणत्याही संस्थेस आजच करता येण्यासारखी आहे.